मॉडेलमधलं पाणी: रेझिनला काय जमतं आणि काय नाही

दिवाळीच्या किल्ल्यापाशी तळं करायचं तर फुटका आरसा मातीत दाबायचा, कडेने अळीव पेरायचे, की झालं. गणपतीच्या आराशीत आरशाऐवजी काच, तिच्याखाली निळा जिलेटिन कागद आणि धबधब्याला कापूस. हे सगळं अजून चालतंच. पण आता स्टेशनरीच्या दुकानात रंगांच्या ट्यूबशेजारी रेझिन आणि हार्डनरच्या बाटल्यांची जोडीही मांडलेली दिसते. ती तिथे आली ती मुख्यतः लग्नातल्या वरमाळा पारदर्शक ठोकळ्यात जतन करून देणाऱ्यांमुळे, आणि किचेन, कोस्टर, घड्याळं करून विकणाऱ्यांमुळे. बाजार त्यांनी उभा केला. सोय झाली ती रेल्वे, रणगाडे, जहाजं, किल्ले यांची मॉडेलं करणाऱ्यांची.

त्याबरोबर एक समजूतही पसरली की नितळ रेझिन ओतलं की हुबेहूब पाणी तयार. ही समजूत फार तर निम्मी खरी आहे. रेझिन पाण्याला जाडी देतं, बाकी फारसं काही देत नाही. पाणी पाण्यासारखं दिसतं ते तळामुळे, काठामुळे, रंगामुळे आणि पृष्ठभागामुळे, आणि ही चारही कामं बाटली उघडण्याआधी किंवा रेझिन पक्कं झाल्यावर करायची असतात. मॉडेलमधलं पाणी फसतं तेव्हा बहुधा यांतलंच काहीतरी राहून गेलेलं असतं. बोल मात्र रेझिनला लागतो.

मग खरं पाणीच का घालू नये? नवखा माणूस हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो आणि तो अगदी रास्त आहे. हँबुर्गच्या ‘मिनिअटुर वुंडरलांड’ या प्रचंड मॉडेल रेल्वेत स्कँडिनेव्हियाचा जो विभाग आहे, त्यात सुमारे ३०,००० लिटर खरं पाणी आहे. त्यात जहाजं फिरतात, भरती-ओहोटीही घडवून आणतात. त्यामागे अभियंत्यांची फौज आहे. घरच्या टेबलावर खरं पाणी शेवाळतं, आटतं, प्लायवूड फुगवतं, पुठ्ठा कुजवतं. हे सगळं सांभाळलं तरी मोठी अडचण उरतेच. घर, झाड, माणूस यांना ३५ पट लहान करता येतं. पाण्याला येत नाही. पृष्ठताणामुळे थेंब व्हायचा तेवढाच होतो. १:३५ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये तीन मिलिमीटरचा थेंब म्हणजे साडेदहा सेंटिमीटरचा गोळा, शेजारच्या शिपायाच्या निम्म्या डोक्याएवढा. १:८७ च्या रेल्वे मॉडेलमध्ये तोच थेंब सव्वीस सेंटिमीटरचा होतो. काठाशी पाणी वर चढून जी गोलसर कड धरतं तीही तशीच राक्षसी दिसते.

लाटांचं त्याहून वाईट. लहान लाटा खऱ्या लाटांपेक्षा भराभर उठतात आणि मोडतात, म्हणून मॉडेल जहाज लगेच ओळखू येतं. जुन्या सिनेमावाल्यांनी यावर तोड काढली ती विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याच्या गणिताच्या आधाराने. प्रमाणाचं वर्गमूळ काढायचं आणि तितक्या पटीने कॅमेरा वेगात चालवायचा. १:२५ चं जहाज असेल तर पाचपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रं. नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर लाट जड, संथ वाटते. थेंबांचा आकार मात्र तिथेही सुधारत नाही. टेबलावरच्या मॉडेलला तर ही कॅमेऱ्याची पळवाटही नाही.

खऱ्या पाण्याची मॉडेलं आपल्याकडे आहेत, पण वेगळ्या कारणासाठी. १९१६ साली स्थापन झालेल्या आणि आता खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांची, बंदरांची मॉडेलं बांधून त्यांतून पाणी सोडतात. तिथे फ्रूडचंच गणित चालतं. नद्यांच्या काही मॉडेलांत तर उभं प्रमाण आडव्यापेक्षा मुद्दाम मोठं ठेवतात, नाहीतर पाण्याचा नुसता ओला थर होईल. तिथल्या पाण्याने वेग, दाब, गाळ मोजून द्यायचा असतो. खरं दिसण्याची त्याच्यावर सक्ती नाही. आपल्या छंदात नेमकं उलट आहे.

रेझिनच्या आधी संग्रहालयांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. कार्ल एकली या अमेरिकन कारागिराने १८९० मध्ये मिलवॉकीच्या संग्रहालयासाठी दलदलीतल्या मस्करॅट प्राण्यांचा देखावा केला. प्राण्याला त्याच्या परिसरासकट मांडणाऱ्या आधुनिक देखाव्यांची सुरुवात सहसा तिथून धरतात, म्हणजे या कलेच्या पहिल्याच धड्यात पाणी होतं. पुढे अनेक देखाव्यांत काच आली. खाली रंगवलेला तळ, वर काचेचा तक्ता, काचेतून वर आलेले बोरू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्गेतिहासाच्या दालनात फ्लेमिंगो, धनेश, गवा, वाघ यांचे याच परंपरेतले देखावे आहेत. पाणथळीचा देखावा पाहताना पक्ष्यांकडे पाहून झालं की जरा त्यांच्या पायांकडे पाहावं. पाय पाण्यात शिरतो ती जागा कारागिराने कशी निभावली आहे, यावर सगळा देखावा तरतो किंवा बुडतो.

सर्वांत धीट उत्तर मात्र न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये आहे. रॉय वाल्डो मायनर यांनी बहामा बेटांवरून सुमारे ४० टन प्रवाळ आणून अँड्रॉसच्या प्रवाळ खडकाचा दुमजली देखावा उभा केला. तो १९३५ मध्ये खुला झाला. वरच्या मजल्यावर बेट आणि आकाश, खालच्या मजल्यावर समुद्राचं पोट. त्या पोटात पाणी म्हणून काहीही भरलेलं नाही. हवा, निळसर उजेड, मागे रंगवलेला पडदा आणि दूर जाता जाता फिके होत गेलेले रंग, एवढ्यावर माणूस समुद्राखाली उभा राहतो. रेझिनचा पिंप विकत घेण्याआधी हा देखावा आठवावा.

छंदवाल्यांकडे अर्थातच वार्निश होतं. रंगवलेल्या तळावर वार्निशचे एकावर एक हात, किंवा बाथरूमच्या खिडकीची लहरीदार काच, किंवा प्लास्टरमध्ये कोरलेल्या लाटांवर चकचकीत रंग. यांतलं प्लास्टरचं काम आजही जहाजांच्या मॉडेलांत टिकून आहे, आणि त्याची कारणं पुढे येतील.

इपॉक्सी रेझिनचा शोध १९३० आणि ४० च्या दशकांतला. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी तो स्वतंत्रपणे लावला. कास्तान यांचं काम तर दातांच्या कवळीसाठी चाललं होतं. ते सिबा कंपनीकडे गेलं आणि १९४६ मध्ये अ‍ॅरल्डाइट बाजारात आलं. घरातला गळका नळ बुजवणारं एम-सील आणि मॉडेलमधलं नितळ तळं ही एकाच कुळातली मंडळी. दुसरं कूळ पॉलिएस्टर रेझिनचं. कोकणातल्या फायबरच्या होड्या ज्याच्या बनतात तेच, फक्त ओतकामासाठी नितळ केलेलं. मॉडेलवाल्यांनी आधी वापरलं ते हे, कारण स्वस्त होतं आणि कडक, काचेसारखं होतं. पण त्यातल्या स्टायरीनचा वास घरभर दिवसेंदिवस राहतो, पक्कं होताना ते पाच ते आठ टक्के आकसून काठापासून सुटतं, आणि थर्माकोलच्या पायावर ओतलं तर पायाच विरघळतो. आज घरात ते वापरण्याचं कारण उरलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इपॉक्सीतही दोन जाती आहेत आणि बहुतेक अपघात त्यांची गल्लत झाल्याने होतात. एक लेपाची: मधासारखी दाट, लवकर धरणारी, तीन ते सहा मिलिमीटरच्या थरासाठी. दुसरी खोल ओतायची: पातळ, सावकाश धरणारी, एका वेळी दोन-पाच सेंटिमीटर ओतता येणारी. ही दुसरी जात सहज मिळू लागली ती लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये निळी नदी ओतून केलेल्या टेबलांची टूम निघाल्यावर. लेपाचं रेझिन खोल ओतलं तर काय होतं? इपॉक्सी पक्कं होताना उष्णता बाहेर टाकतं. पातळ थरातली उष्णता उडून जाते. जाड थरात ती साठते, साठल्याने प्रक्रिया आणखी वेगात होते, त्याने आणखी उष्णता. मिश्रण उकळत्या पाण्याइतकं तापू शकतं, पिवळं पडतं, तडकतं, खालचा थर्माकोल बसतो. ओतून उरलेलं मिश्रण कपातच ठेवलं तर कधी कधी कप धुमसायला लागतो. उरलेलं रेझिन जुन्या ट्रेमध्ये पातळ पसरून ठेवावं. कचऱ्याच्या डब्यात गरम कप टाकणं ही आगीला हाक आहे.

मापाबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरक एक-दोन टक्के घालायचा असतो आणि तो कमीजास्त करून वेग बदलता येतो. त्या सवयीने लोक इपॉक्सीतही ‘लवकर सुकावं म्हणून’ हार्डनर जास्त घालतात. इपॉक्सीत हार्डनर उत्प्रेरक नसतो, तो निम्मा संसार असतो. रेझिनच्या प्रत्येक रेणूला जोडीदार मिळाला पाहिजे. जास्त झाला तरी कमी पडला तरी पृष्ठभाग जन्मभर चिकट राहतो. शिवाय बाटलीवर २:१ लिहिलेलं असतं ते आकारमानाने की वजनाने, हे वाचायला हवं. रेझिनची घनता साधारण १.१५, हार्डनरची त्याहून कमी, एकाच्या आसपास. १०० मिलिलिटर रेझिन ११५ ग्रॅम भरतं आणि ५० मिलिलिटर हार्डनर ४८–५० ग्रॅम. आकारमानाचं प्रमाण स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २:१ धरलं तर गणित चुकलंच. ढवळताना कपाच्या कडा आणि तळ खरवडायचे, मग ते दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळायचं. पहिल्या कपाच्या भिंतीला चिकटलेलं न मिसळलेलं रेझिन तळ्यात ओघळलं की नेमका तिथेच चिकट पट्टा उरतो.

बुडबुड्यांविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. ढवळताना शिरलेली हवा हा त्यातला लहान भाग. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली, सावकाश ढवळलं, उंचावरून बारीक धारेने ओतलं आणि वरून हीट गन फिरवली की ती जाते. उष्णतेने वरचा थर पातळ होतो, बुडबुडा फुगतो आणि फुटतो. खरा वैरी तळात असतो. प्लास्टर, वाळू, लाकूड, सुकं शेवाळ यांच्या छिद्रांत हवा असते आणि रेझिन तापलं की ती तास-दोन तास एकेक मणी करून वर येत राहते, आपण झोपल्यावर. म्हणून तळावर आधी पातळ फेविकॉलचा किंवा वार्निशचा हात, तो पूर्ण वाळल्यावर रेझिनचा ब्रशने पातळ लेप, आणि तो धरल्यावरच ओतकाम. गळतीचंही तेच. पाणी जिथून जाणार नाही तिथून रेझिन जातं, कारण त्याला जायला रात्रभर वेळ असतो. बांध अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीचा घालावा, आतून पॅकिंगची गुळगुळीत टेप लावावी, फटी सिलिकॉनने बुजवाव्यात.

आणि पावसाळा. इपॉक्सीच्या हार्डनरमधली अमाइनं हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतात आणि वर मेणचट, दुधी साय धरते. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये ओतकाम केलं तर हे होण्याची तयारी ठेवावी. साय कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन निघते. ती न धुता वर दुसरा थर ओतला तर दोन थरांमध्ये धुकं कायमचं अडकतं. कोरड्या खोलीत, एसी असेल तर तो लावून, ओतलेलं बरं. नसेल तर घटस्थापनेपर्यंत थांबलेलं बरं.

आता मूळ प्रश्न: हे दिसतं कसं? पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पक्क्या इपॉक्सीचा साधारण १.५५. आकडे क्षुल्लक वाटतात, परिणाम तसा नाही. वरून पाहिलं तर पाण्याचा तळ तीन-चतुर्थांश खोलीवर दिसतो. रेझिनचा दोन-तृतीयांशाच्या जरा आतच. तीन सेंटिमीटर रेझिन दोन सेंटिमीटरांहून कमी खोल भासतं. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले ती खोलीच रेझिन थोडी खाऊन टाकतं. दुसरं असं की सरळ वरून पाहताना पाण्याचा पृष्ठभाग दोन टक्के प्रकाश परतवतो, इपॉक्सीचा साडेचार टक्क्यांच्या वर. रेझिनचं तळं ‘काचेसारखं’ वाटतं त्याचं कारण हे; ते खरोखरच काचेच्या जवळ आहे.

तिसरा परिणाम रंगाचा. कोरडी वाळू पांढुरकी दिसते, कारण कणाकणावरून प्रकाश विखुरतो. रेझिन कणांमध्ये भरलं की ते विखुरणं थांबतं आणि वाळू एकदम गडद, ओली होते. ही रेझिनची खरी देणगी आहे, पण ती हिशेबात धरून तळ एक छटा फिका रंगवावा लागतो. काठाजवळचा गोटा वर कोरडा करडा आणि पाण्याखाली काळसर, मधली रेघ ओलसर, हे जमलं की तीन मिलिमीटरचा थरही पाणी वाटतो. चौथा परिणाम आपल्या डोळ्यांच्या जागेचा. नदीकाठी उभा माणूस पायाशी तळ पाहतो आणि दूरवर आकाशाचं प्रतिबिंब. कोन तिरपा होत गेला की पाण्याचा आरसा होतो. मॉडेल मात्र आपण उंचावरून, खाली वाकून पाहतो, त्यामुळे सगळीकडे तळच दिसतो. किल्ल्यातला आरसा म्हणूनच इतका वाईट नव्हता. किल्ला अंगणात, मुलं उकिडवी बसलेली, नजर तिरपी. तिथे आरसाच बरोबर.

जाडीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १:३५ मध्ये दोन मीटर खोल नदी प्रमाणात दाखवायची तर ५७ मिलिमीटर रेझिन हवं. पाया ३० बाय २० सेंटिमीटरचा असेल तर सुमारे ३.४ लिटर, वजन पावणेचार किलो. तोच पाया तीन मिलिमीटर ओतला तर दोनशे ग्रॅममध्ये भागतं. उरलेली खोली रंगाने काढायची: मध्ये गडद हिरवट तपकिरी, काठाकडे फिकं, कडा ब्रशने नाही तर हवेच्या फवाऱ्याने मिटवलेल्या. खोल ओतण्याचं समर्थन एकाच ठिकाणी होतं, जिथे बाजू कापून उघडी दाखवायची आहे: पाणबुडी, बुडालेलं विमान, मासा. तिथे बाजूने पाहणाऱ्याला रंगाची लबाडी चालत नाही.

खोलीचा खरा उपयोग पाहायचा तर जपानी चित्रकार रिउसुके फुकाहोरी यांचे सोनमासे पाहावेत. ते लाकडी मापात किंवा भांड्यात रेझिनचा पातळ थर ओततात, तो धरला की त्यावर अ‍ॅक्रिलिकने माशाचा एक भाग रंगवतात: आधी पोटाखालचे पर, पुढच्या थरावर अंग, त्यावर खवले, शेवटी पाठीचा पर. प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते आणि मासा पाण्यात तरंगतो. एकही मासा घडवलेला नसतो, सगळे चपटे. मॉडेल करणाऱ्यांनी यातून उचलायचं ते एवढंच की थरांमध्ये काहीतरी असेल तरच थराला अर्थ आहे. पान, काटकी, गाळाचा पुसट ढग वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवले तर डोळ्याला खोली मोजायला खुणा मिळतात. रिकाम्या नितळ ठोकळ्यात डोळा कशालाच अडत नाही.

आता पृष्ठभाग, जिथे रेझिन सरळ हात वर करतं. ते स्वतःहून आडवं, सपाट होतं. नदी तशी क्वचितच असते. शिवाय काठाशी ते वर चढतं, बोरूच्या देठाभोवती शंकूसारखं उभं राहतं. तिथे नंतर मॅट वार्निश लावून चमक मारावी लागते. लहरींसाठी चित्रकारांचं ग्लॉस जेल वापरतात. दुधी जेल ब्रशने टिपत जायचं, वाळलं की नितळ होतं. लहरीचा आकार मात्र प्रमाणातच हवा. दहा सेंटिमीटरची लहर १:३५ मध्ये तीन मिलिमीटरची. समुद्रावरची दोन मीटरची दणदणीत लाट १:७०० च्या युद्धनौकेपुढे तीन मिलिमीटरही भरत नाही. बहुतेक मॉडेलांत ती याच्या चौपट असते आणि जहाजाचं खेळणं होतं. जहाजामागे इंग्रजी व्ही अक्षरासारखा जो लाटांचा माग निघतो, त्याचा कोन लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ मध्ये काढून ठेवला आहे: खोल पाण्यात मध्यरेषेपासून दोन्हीकडे साधारण साडेएकोणीस अंश, जहाज लहान असो वा मोठं. कोनमापक हाताशी ठेवला की निम्मं काम झालं. आणि खोल समुद्राचा तळ तसाही कुणाला दिसत नाही, म्हणून जहाजवाले अजून प्लास्टर किंवा जाड जलरंगाचा कागद, त्यावर गडद रंग आणि वर ग्लॉस जेल यावरच खूष आहेत. त्यांचा समुद्र रेझिनच्या समुद्रापेक्षा बहुधा सरस असतो.

धबधब्याला रेझिन उभं राहतच नाही. पारदर्शक सिलिकॉन सीलंट प्लास्टिकच्या कागदावर पट्ट्यांत ओढायचं, कंगव्याच्या दात्याने रेघा काढायच्या, सुकलं की सोलून लावायचं. फेसासाठी ग्लॉस जेलमध्ये पांढरा रंग आणि थोडा कापूस. कापूस इथे परत आला याची लाज वाटायचं कारण नाही, फक्त तो जेलमध्ये भिजलेला हवा. अतिनील दिव्याखाली मिनिटात धरणारं रेझिन थेंबांना, नळाच्या धारेला उत्तम. जाड किंवा रंगवलेल्या थरात उजेड पोचत नाही, त्यामुळे तळ्याला निरुपयोगी. वुडलँड सीनिक्स, व्हॅयेहो, एके वगैरे कंपन्यांची एका बाटलीतली पाणी-उत्पादनं वासाला सौम्य, मापाची कटकट नाही. पण तीन मिलिमीटरच्या वर एका वेळी ओतलं तर आत दुधी राहतात, आणि आपल्या पावसाळ्यात तर तेवढंही नीट वाळत नाही.

परदेशी नमुने बघून काम करण्याचा सर्वांत मोठा तोटा रंगात दिसतो. मराठी मुलाने केलेल्या सह्याद्रीच्या पायथ्याची नदीसुद्धा आल्प्सच्या सरोवरासारखी निळीहिरवी होते. आकाशाचा निळा रंग पाण्यात ओतायचा नसतो, तो खोलीतल्या उजेडातून पृष्ठभागावर आपोआप येतो. पंचगंगा जुलैत घाटाच्या पायऱ्या चढते तेव्हा ती मातकट तपकिरी असते. कोकणातल्या पऱ्ह्यांना जांभ्याची तांबूस माती मिसळते. बारवेचं पाणी गडद हिरवं, मुळा-मुठेवर कैक महिने जलपर्णीची चादर, खाडी ओहोटीला नुसता चकचकणारा चिखल. या यादीत नितळ रेझिन जवळजवळ कुठेच लागत नाही! गढूळ पाण्यातून तळ दिसत नाही, मग पारदर्शक जाडी कशाला? तपकिरी रंग, त्यात प्रवाहाच्या दिशेने फिक्या-गडद रेषा, भोवऱ्यांपाशी काडीकचरा आणि वर ग्लॉस वार्निशचे तीन हात. ओहोटीच्या चिखलाला तर नुसतं वार्निश, तेही खळग्यांतच. रेझिन काढावं ते दिवाळीनंतर पाणी निवळल्यावरचा डोह करताना: काळा कातळ, त्यावर शेवाळाची पिवळसर साय, दोन हात खाली दिसणारे गोटे. रंग घालायचाच तर अल्कोहोल इंकचा किंवा रेझिनच्या रंगाचा काडीच्या टोकावरचा कण पुरतो. पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक रंग जास्त पडला तर रेझिन ढगाळतं. लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. ते मॉडेल जसंच्या तसं कुणी केलं तर प्रदर्शनात त्याला नक्की कुणीतरी सांगेल, ‘रंग चुकला.’

राहता राहिलं आयुष्य, रेझिनचं आणि आपलं. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. ‘यूव्ही प्रतिरोधक’ लिहिलेलंही पडतं, फक्त उशिरा. खिडकीजवळच्या कपाटात निळं तळं काही वर्षांत हिरवं होतं. काचेच्या पुरातन वस्तू जोडणारे संवर्धक एचएक्सटाल नावाचं न पिवळणारं इपॉक्सी वापरतात, पण ते पक्कं व्हायला आठवडा घेतं आणि किमतीने नदी भरण्याजोगं नाही. दुसरं, छंदाची बरीच इपॉक्सी ५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या मॉडेलच्या पाण्यावर गुंडाळलेल्या कापडाची वीण उमटते.

हातमोजे नायट्रिलचेच घालावेत. कच्चं इपॉक्सी कातडीला वारंवार लागलं की एखाद्या दिवशी शरीर त्याच्यावर उलटतं. खाज, पुरळ, आणि ती अ‍ॅलर्जी बहुधा आयुष्यभर राहते. बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं तरी ते पक्क्या झालेल्या रेझिनबद्दल असतं. हाताला लागलेलं अ‍ॅसिटोनने पुसू नये, ते कातडीच्या आत जायला मदतच होते. साबण आणि पाणी. घासकाम करायचं तर ओल्या पॉलिश पेपरने, तोंडावर मास्क लावून. लहान मुलांबरोबर किल्ला करताना हे सगळं सोडून द्यावं आणि काच किंवा आरसा वापरावा.

शेवटची अडचण संवर्धकांना जास्त सतावते: इपॉक्सी परत फिरवता येत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ सारखं रेझिन पसंत करतात, कारण अ‍ॅसिटोनने ते पुन्हा विरघळतं. इपॉक्सीत बसलेली होडी कापूनच काढावी लागते. त्यामुळे पुढच्या वेळी पाण्याचा भाग मॉडेलच्या पायात थेट ओतण्याऐवजी वेगळ्या उथळ ट्रेमध्ये ओतावा, ट्रे खालून चार स्क्रूंनी बसवावा आणि सांधा काठावरच्या गवताखाली लपवावा. पिवळा पडला की ट्रे तेवढा बदलता येतो, काठावरची झाडं आणि माणसं जागची हलवावी लागत नाहीत.